लग्नाची साक्षीदार

अमेरिकेतल्या कोडियाक बेटावर घटस्फोट घेणं तसं अवघड नाही. अवघड आहे ते पुरिंग निनांगच्या डोळ्यांदेखत घटस्फोट घेणं. नेरिसाला हे कळायला अख्खा हिवाळा जावा लागला.

निनांग म्हणजे लग्नातली धर्ममाता. चर्चमध्ये वधूवरांच्या मागे उभं राहायचं, वहीत साक्षीदार म्हणून सही करायची, आणि त्या दिवसापासून तो संसार आपल्या डोक्यावर घ्यायचा. नवराबायकोचं बिनसलं की दोघांनी तिच्यापुढे जाऊन बसायचं आणि ती सांगेल ते मुकाट्यानं ऐकायचं, अशी फिलिपिनो माणसांची रीत. बेटावरच्या माशांच्या कारखान्यांत जितकी फिलिपिनो जोडपी राबत होती, त्यांतल्या निम्म्यांची निनांग ही पुरिंगबाईच होती. आपण ज्याला उभ्या राहिलो त्यांतलं एकही लग्न मोडलं नाही, असं ती छाती पुढे काढून सांगायची. एक नवरा बायकोला टाकून मनिलाला पळाला, त्याला बारा वर्षं झाली. पण निनांगच्या लेखी ते लग्न शाबूत होतं. नवरा फक्त बाहेरगावी होता.

नेरिसाचा नवरा तर बाहेरगावीही नव्हता. रोडेल तिथंच, बंदरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचा. खेकड्यांच्या बोटीवर कामाला, जन्म याच बेटावरचा, म्हणून अमेरिकेचा नागरिक. हसतमुख, गाणारा, कुणाचंही सामान उचलायला धावणारा. चुलतभावाच्या लग्नाला नेरिसाच्या गावी, इलोइलोला, आला, तेव्हा ती त्या हसण्यावरच भाळली. इथं येऊन लग्न झालं आणि तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस सगळ्यांचा आहे आणि म्हणून तिचा मुळीच नाही. ‘येतो’ म्हणाला की यायचा नाही. ‘करतो’ म्हणाला की करायचा नाही. मासेमारीचा हंगाम संपला तरी बोटीवरच झोपायचा, मग एका मित्राकडे, मग दुसऱ्याकडे. मारझोड नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. दुसरी बाई असती तर बरं, निदान भांडायला कुणीतरी मिळालं असतं, असं नेरिसाला वाटायचं.

भांडण रोडेलशी असतं तर तिनं ते केव्हाच सोडून दिलं असतं. पण मध्ये सरकार होतं. अमेरिकन माणसाशी लग्न केलं, की सरकार बायकोला आधी दोन वर्षांचं कच्चं कार्ड देतं. दोन वर्षं संपत आली की दोघांनी मिळून सह्या करायच्या, की आमचं लग्न खरं आहे, हिला पक्कं करा. रोडेल त्या सहीला ‘उद्या करतो’ म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. शिवाय वेगळं राहून ‘आम्ही एकत्र नांदतो’ असं लिहून देणं नेरिसाला पटतही नव्हतं.

अँकरेजची वकील, टॉबिनबाई, फोनवर भेटायची. तिनं वाट सांगितली. लग्न मोडलं असेल तर बायकोला एकटीलाही अर्ज करता येतो. दोन गोष्टी मात्र दाखवाव्या लागतात: लग्न केलं तेव्हा ते मनापासून केलं होतं, आणि आता ते कोर्टात रीतसर संपलंय. नेरिसानं अर्ज केला. आपल्या संसाराची हकीगत लिहून, शपथेवर सही करून पाठवली. सरकारचं उत्तर आलं, की मार्चअखेरपर्यंत घटस्फोटाचा पक्का निकाल पाठवा, नाहीतर अर्ज फेटाळू. आणि अर्ज फेटाळला की परत इलोइलो. तिथं ती थोरली मुलगी होती, तीन बहिणींबरोबर एका खोलीत झोपणारी, जिच्या आयुष्यातलं सगळं दुसरेच ठरवत होते. इथं जाळ्यांच्या गोदामावरची एक भाड्याची खोली तिची एकटीची होती. जेवायचं काय, दिवा मालवायचा कधी, रविवारी लोळायचं की समुद्रावर जायचं, हे ती स्वतः ठरवायची. हे तिला सोडायचं नव्हतं, बस्स.

आता अशा वेळी माणसाला वाटतं, आपली माणसं मदत करतील. केली की! अशी केली, की नेरिसाच्या नाकी नऊ आले.

“घटस्फोट घेतलास की विमानात बसवतील तुला,” निनांग म्हणाली. कारखान्याच्या फाटकासमोर, वारा सुटलेला, तिच्या हातात गरम पुतोची, तांदळाच्या वाफवलेल्या केकची, डबी. “त्या सेलिंगच्या भाचीला नाही का बसवलं?”

“निनांग, तिची गोष्ट वेगळी होती. तिनं अर्जच केला नव्हता. मला घटस्फोटाचा कागद सरकारनंच मागितलाय.”

“सरकारनं मागितलाय?”

“हो.”

“म्हणजे सरकार म्हणतंय, बाई, नवऱ्याला सोडल्याचा पुरावा आण, मग आम्ही तुला ठेवतो?”

“हो. तसंच म्हणा.”

“असलं सरकार असतं का गं कुठं? काहीतरी ऐकण्यात चूक झालीय तुझी. पुतो खा.”

किती वेळा सांगितलं असेल! फाटकाशी, चर्चच्या पायरीवर, दुकानात तांदळाच्या पोत्यांपाशी. वकिलीणबाईशी फोन जोडून दिला, तर निनांगनं तिलाच विचारलं, की तुमचं लग्न झालंय का, आणि नाही म्हटल्यावर फोन परत केला. जिला संसाराची गंधवार्ता नाही, तिचं काय ऐकायचं? ज्या देशात घटस्फोटाचा कायदाच नाही, तिथून आलेल्या बाईला घटस्फोटावाचून आपलं घोडं अडलंय हे पटवायचं म्हणजे डोकं भिंतीवर आपटण्यातला प्रकार होता. आणि निनांगला पटत नाही तोवर बेटावरच्या कुणालाच पटत नाही. वकिलीणबाईनं दोन-तीन ओळखीच्यांच्या शपथेवरच्या जबान्या मागितल्या होत्या. नेरिसा ज्याच्याकडे जाई, तो म्हणे, “निनांगनं दिली का? नाही? मग ती देऊ दे आधी.”

निनांगनं दिली. हौसेनं दिली. स्वच्छ अक्षरात लिहिलं, की या दोघांचं लग्न अगदी खरं असून त्याची मी साक्षीदार आहे, ते आजही तसंच आहे, आणि मी जिवंत असेपर्यंत तसंच राहील. टॉबिनबाईनं ते वाचलं आणि फोन केला.

“पहिलं वाक्य उत्तम आहे,” ती म्हणाली. “बाकीचं कुणालाही दाखवू नकोस.”

एवढ्यावर थांबेल तर ती पुरिंग निनांग कसली? बेटावर कुणाचाही वाढदिवस असो, नेरिसाला आमंत्रण. आणि गेली, की शेजारच्या खुर्चीवर रोडेल. एकदा चर्चच्या हॉलमध्ये दोघांच्या हातात माइक देऊन प्रेमगीत गायला उभं केलं. रोडेल डोळे मिटून सुरेख गायला, कारण त्याला सगळीच गाणी सुरेख येत. नेरिसा पडद्यावरच्या ओळी वाचत उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि निनांगनं फोटो काढले.

“फोटो कशाला काढलेत?” नेरिसानं दात-ओठ खात विचारलं.

“सरकारला दाखवायला. फोटो लागतात ना?”

“लग्न चालू असलेल्यांना लागतात! मी संपलं म्हणून सांगतेय!”

“हळू बोल. लोक बघतायत. जा, त्याच्या ताटात शेवयांची पान्सित वाढ.”

आणि तिनं वाढली. हाच तर वैताग होता. निनांगपुढे नेरिसाचे हात आपोआप चालत. भेटली की वडीलधाऱ्यांना मान द्यायच्या रीतीनं तिचा हात आपल्या कपाळाला लावायचा, निघताना पुन्हा लावायचा, मधल्या वेळात मनातल्या मनात बोटं मोडायची.

शिवाय रोडेलबद्दलही तिला कधी शंभर टक्के चीड आणता आली नाही. त्याचं कारण लिहिलंच पाहिजे. पहिल्या वर्षी ती तापानं फणफणली, तेव्हा रोडेल समुद्रावर होता; पण दारात आल्याचं वाफाळतं सूप आलं, कोंबडीचं, हिरव्या पपईचं. निनांग म्हणाली, रोडेलनं बोटीवरून निरोप पाठवला, की हिला तिनोला करून द्या. नाताळात तो आलाच नाही, पण बूट आले, आतून लोकर लावलेले, थेट तिच्या पायाच्या मापाचे. कारखान्याच्या ओल्या फरशीवर उभं राहून तिच्या बोटांना भेगा पडत, ते त्याच्या लक्षात होतं तर! तो महिनोन्‌महिने फोन करायचा नाही, पण निनांग सांगायची, परवा बोलला माझ्याशी, तुझीच चौकशी करत होता, लाजतो गं तुझ्याशी बोलायला. एवढ्याशा आधारावर नेरिसानं दोन वर्षं रेटली. हकीगतीतही तिनं हे सगळं लिहिलं होतं, सूप आणि बूट आणि चौकशा, कारण लग्न खरं होतं याचे तिच्याजवळ तेवढेच पुरावे होते.

फेब्रुवारीत पहिली तारीख लागली. दोघांनी मिळून केलेला घटस्फोटाचा अर्ज. रोडेलनं त्यावर सही केली होती, कारण नेरिसा बोटीवर जाऊन त्याच्या छातीवर बसली होती. कोर्ट म्हणजे एक खोली, चार बाकं आणि न्यायाधीश होलिसबाई, जिला बंदरातला प्रत्येक माणूस नावानिशी ठाऊक. एका वाक्याचं काम होतं. हे लग्न आता टिकण्यासारखं नाही ना? दोघांनी ‘नाही’ म्हणायचं आणि घरी जायचं.

नेरिसा ‘नाही’ म्हणाली.

“आणि तुझं काय म्हणणं, रोडेल?”

रोडेलनं डोकं खाजवलं. मागच्या बाकावर निनांग बसली होती. आदल्या दिवशी तिनं त्याला घरी बोलावून शेंगदाण्याच्या रश्श्यातलं बैलाचं शेपूट जेवू घातलं होतं, आणि ज्याचं अन्न खाल्लं त्याला नाही म्हणणं रोडेलच्या रक्तात नव्हतं.

“आता कसं सांगायचं, जजबाई,” तो म्हणाला. “टिकेलही कदाचित.”

होलिसबाईनं चष्मा काढला. एक जण कदाचित म्हणतोय, तर मी सही कशी करू? दोघांनी विचार करा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या.

बाहेर आल्यावर नेरिसानं त्याच्या जाकिटाची कॉलर धरली. “कदाचित? तू माझ्याबरोबर राहणार आहेस?”

“मी? नाही गं.”

“मग कदाचित कशाला म्हणालास?”

“निनांगला वाईट वाटलं असतं.”

“आणि मला परत पाठवलं असतं तर?”

“तसं होत नसतं गं,” रोडेल हसून म्हणाला, आणि तिची बॅग उचलायला वाकला. तिनं ती हिसकावून घेतली आणि तशीच पावसात चालू लागली.

मार्चभर ती रात्री नीट झोपली नाही. कारखान्यात कॉड माशाचे काटे काढताना हात चुकू लागले. मार्चअखेर जवळ येत होती आणि बेटावरची माणसं तिला कोर्टाबद्दल विचारायची ती अशा सुरात, जणू तिला एखादा वाईट आजार झालाय आणि तो तिनं स्वतःहून ओढवून घेतलाय. तिनं निनांगच्या घरी जायचं सोडलं. निनांगनं डबे पाठवायचं सोडलं नाही.

दुसऱ्या तारखेला रोडेल आला. त्याला आणायला नेरिसा स्वतः बंदरात गेली होती आणि वाटेत त्याला कुणी काही खायला घालू नये म्हणून कोर्टाच्या दारापर्यंत त्याच्या दंडाला धरून चालली. आत गेली, तर मागच्या बाकावर निनांग, रविवारचा निळा कोट घालून.

“रोडेल,” होलिसबाई म्हणाली, “मागच्या वेळी तू कदाचित म्हणालास. आज?”

रोडेल मागे वळला. तेवढ्यात निनांग उठून उभी राहिली.

“त्याला काय विचारता? मला विचारा. मी यांची निनांग आहे. वहीत माझी सही आहे.”

होलिसबाईनं तिला बसायला सांगायला हवं होतं. पण त्या लहानशा गावात कोण बसायला सांगणार पुरिंगबाईला? शिवाय एकदा ऐकून घेऊ, म्हणजे हे प्रकरण निकालात निघेल, असंही तिला वाटलं असावं. तिनं निनांगला पुढे बोलावलं, उजवा हात वर करायला लावला, खरं तेच सांगेन असं वदवून घेतलं.

“बोला.”

“हे लग्न मोडलेलं नाही,” निनांग म्हणाली. “पोरगा वेंधळा आहे, तोंडानं काही सांगता येत नाही त्याला. पण मन हिच्यात आहे. हिला ताप आला तेव्हा समुद्रावरून सूप पाठवलं त्यानं. नाताळात बूट पाठवले, आतून लोकर असलेले. ज्याला बायको नको असते तो असले बूट पाठवतो का?”

होलिसबाईनं नेरिसाकडे पाहिलं. खरंच होतं ते. तिनं मान खाली घातली, आणि आपलं सगळं संपलं असं तिला वाटलं.

“कुठले बूट, निनांग?” रोडेल म्हणाला.

त्यानं ते काही हेतूनं विचारलं नव्हतं. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

“अरे, बूट रे! नाताळातले!”

“मी नाही आणले. मला तर हिच्या पायाचं मापही माहीत नाही.”

इतका वेळ कागद चाळणारा कारकूनही थांबला. रोडेल तोंड उघडं टाकून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता.

“पुरिंग,” होलिसबाई हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही शपथ घेतलीय. बूट कुणी पाठवले?”

निनांगनं कोटाचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“मी.”

“आणि सूप?”

“ते तर घरात कोंबडी होतीच.”

“म्हणजे तुम्हीच.”

“हो. मीच.”

“आणि फोन?” हा प्रश्न न्यायाधीशांचा नव्हता. नेरिसा उठून उभी राहिली होती, आणि आपण मोठ्यानं बोलतोय हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. “तो फोन करायचा ना तुम्हाला? माझी चौकशी करायचा, लाजायचा. ते?”

निनांग तिच्याकडे पाहीना. “आम्हा दोघांतल्या एकानं तरी तुझी चौकशी करायला नको होती का गं?” ती म्हणाली.

होलिसबाईनं रोडेलला पुन्हा एकदा विचारलं. या वेळी तो मागे वळला नाही. बुटांकडे पाहत, म्हणजे स्वतःच्या, तो म्हणाला, “नाही, जजबाई. टिकणार नाही. सुरुवातीपासूनच मी नव्हतोच त्यात फारसा. सॉरी, नेरी.” दोन वर्षांत त्यानं बोललेलं हे पहिलं पुरं वाक्य असेल. होलिसबाईनं सही केली, कारकुनानं शिक्का मारला, आणि जे व्हावं म्हणून नेरिसानं हिवाळाभर सगळ्यांच्या विनवण्या केल्या होत्या, ते दोन मिनिटांत झालं. रोडेल दारापाशी घुटमळला, काहीतरी बोलावंसं वाटून नुसताच हसला, आणि बंदराच्या दिशेनं निघून गेला.

नेरिसाला आनंद व्हायला हवा होता. तिनं कॉरिडॉरमधून टॉबिनबाईला फोन लावला, निकाल हातात आल्याचं सांगितलं, आणि आत काय झालं तेही सांगितलं.

“थांब,” टॉबिनबाई म्हणाली. “बुटांचं तू हकीगतीत लिहिलंयस ना? शपथेवर?”

“लिहिलंय.”

“नवऱ्यानं पाठवले म्हणून?”

“मला तेच माहीत होतं!”

“ठाऊक आहे मला. पण आजचं सगळं कोर्टात नोंदलं गेलंय. उद्या एखाद्या अधिकाऱ्यानं दोन्ही कागद समोरासमोर ठेवले, तर तो म्हणेल, बाई खोटं बोलली. आणि खोटं बोलणारीचं लग्नही खोटं.” मग ती म्हणाली, “ऐक, घाबरू नकोस. कायदा विचारतो तू लग्न मनापासून केलंस का. जी फसली ती खोटी ठरत नाही. पण तुला फसवलं हे फसवणाऱ्या माणसानं लिहून द्यायला हवं. आणि लग्न संपलं, हेही तिनंच लिहायला हवं. त्या बाई देतील?”

त्या बाई खिडकीखालच्या बाकावर बसल्या होत्या. नेरिसा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात कपाळाला लावला नाही.

“दोन वर्षं,” ती म्हणाली. “दोन वर्षं मी त्या माणसाची वाट पाहिली, निनांग. पहिल्या हिवाळ्यातच मला कळलं असतं, हा रिकामा आहे. मी तेव्हाच सुटले असते. दर वेळी सोडायचं ठरवलं, की काहीतरी दारात यायचं. मला वाटायचं, मीच वाईट. एवढं करतो बिचारा आणि मला कदर नाही. तुम्ही माझी दोन वर्षं खाल्लीत!”

“मी संसार वाचवत होते.”

“कुणाचा? त्यात होतं कोण?”

निनांग म्हणाली, “लग्न खोटं नव्हतं तुझं. त्यातलं नवऱ्याचं काम तेवढं मी करत होते.”

हे ऐकून नेरिसाला हसू आलं, आणि हसू आल्याचा इतका संताप आला, की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काय करावं या म्हातारीचं? भांडायचं कसं हिच्याशी? जगात दुसऱ्या कुणी नेरिसाला इतकं छळलं नव्हतं, आणि जगात दुसऱ्या कुणाला तिच्या पायाचं माप माहीत नव्हतं. दोन्ही एकाच बाईनं करावं म्हणजे कमालच झाली.

“हे सगळं लिहून द्या,” ती भिंतीकडे पाहतच म्हणाली. “आत बोललात तसं. तुम्ही पाठवलं, मला माहीत नव्हतं. आणि शेवटी लिहा, लग्न मोडलं.”

“ते मी कसं लिहू? मी निनांग आहे.”

“नाही लिहिलंत तर मी जाते इलोइलोला. मग बसा चर्चमध्ये सगळ्यांना सांगत, एकही मोडलं नाही म्हणून.”

मग निनांगनं पर्समधून पेन काढलं. नेरिसानं कारकुनाकडून कागद आणला. निनांग मांडीवर पर्स आडवी ठेवून लिहू लागली, स्वच्छ अक्षरात, मध्येच थांबत. सूप लिहिलं. बूट लिहिले. फोन लिहिले. शेवटच्या ओळीपाशी आली आणि पेन कागदावर टेकवून तशीच बसली.

“काय झालं आता?” नेरिसा वैतागून म्हणाली.

“मी विचार करत होते,” निनांग म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. कोर्टाला दटावणारी ती बाई एकदम लहान दिसू लागली. “मूल मला झालं नाही, तुला माहीतच आहे. तुझी मी निनांग झाले ती या लग्नामुळे. आता हे लग्नच नाही म्हणून मी लिहून दिलं, तर मग मी तुझी कोण?”

हिवाळाभराचं सगळं तेव्हा नेरिसाला कळलं. देव नाही, सरकार नाही, सेलिंगची भाची नाही. हिला एवढीच धास्ती होती, आणि तोंडानं सांगायच्या ऐवजी हिनं सगळं बेट वेठीला धरलं होतं. नेरिसाचा राग गेला नाही. पुढेही बरेच दिवस गेला नाही. ती बाकावर निनांगच्या शेजारी धपकन बसली.

“ते मला माहीत नाही,” ती म्हणाली. “कोण ते मागाहून बघू. आधी ओळ पुरी करा. आणि एक ऐका. यापुढे मला काही पाठवायचं असलं, तर स्वतःच्या नावानं पाठवा.”

निनांगनं मान हलवली, आणि लिहिलं, की हे लग्न मोडलं आहे, मी साक्षीदार आहे.